काशानचा पिरोजी वाडगा: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इराणमधल्या काशान शहराच्या पिरोजी भांड्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. तुमचे आक्षेप तीन: झिलईवरच्या (म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावरच्या) इंद्रधनुषी झळाळीचं श्रेय मी कुंभाराला दिलं ते चूक, रंग तांब्याचा नसून पिरोज्याच्या पुडीचा असणार, आणि एकूण प्रकार म्हणजे 'चिनी भांड्यांची स्वस्त नक्कल'.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. ती झळाळी भट्टीतली नाही, जमिनीतली. भांडं शतकानुशतकं ओलसर मातीत पडून राहिलं की झिलईतले क्षार हळूहळू निघून जातात, वर सिलिकाचे पातळ पापुद्रे उरतात आणि त्यांवर उजेड फुटतो. वाडग्याच्या फोटोला भाळून लिहून गेलो. दुरुस्ती केली आहे.

पिरोज्याचं मात्र पटत नाही. नाव रत्नावरून पडलं, रंग तांब्यातून आला. (गंमत म्हणजे खुद्द रत्नाचा निळाही तांब्याचाच!) झिलईत शिसं जास्त असेल तर तांबं हिरवं उतरतं, झाडांच्या राखेतला क्षार असेल तर हा पिरोजी. म्हणजे खरी करामत तांब्याइतकीच राखेची.

आता 'नक्कल'. काशानच्या कुंभारांना चिनी पांढऱ्या भांड्यांशी बरोबरी करायची ईर्षा होती, हे खरंच. पण चिनी कुंभाराकडची माती यांच्याकडे नव्हती, म्हणून यांनी रस्ताच वेगळा काढला. काशानच्या नामांकित कुंभार घराण्यातला, पण स्वतः इलखानी (इराणवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या) दरबारात इतिहासकार झालेला अबुल कासिम १३०१ साली कृती लिहून ठेवतो: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. बारा भागांत माती एकच! जयपूरची ब्लू पॉटरी हाताळली असेल तर हा जिन्नस ओळखीचा वाटेल. तिचंही अंग मुख्यतः गारगोटीचंच. असला गोळा चाकावर फार नखरे करतो, म्हणून पुष्कळ भांडी साच्यात काढलेली.

आणि नक्कल करणारा माणूस न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातल्या सुरईसारखं काही करायला जाईल का? हिजरी ६१२ ची, म्हणजे १२१५-१६ ची. आत पाणी धरणारं एक भांडं, त्याभोवती जाळीचं दुसरं. जाळीत वेली, स्फिंक्स आणि बाईच्या तोंडाचे पक्षी, वर काळी रेखाटणं आणि त्या सगळ्यावर पारदर्शक पिरोजी झिलई. ही चार-पाच वर्षांनी आलेल्या मंगोल धाडीच्या आधीची.

लेखातल्या वाडग्याचा फोटो मोठा करून फक्त बुडाकडे बघा. झिलई पायापर्यंत पोचतच नाही. ओघळून जाड, गडद थेंबांत थबकते, नाहीतर भांडं भट्टीतच चिकटलं असतं. त्या थेंबांखाली जे उघडं, खरबरीत पांढरं दिसतं ना, ती गारगोटी. अबुल कासिम तिला साखरदगड म्हणतो.