हजेरीने आपलेपणा येतो, या दाव्याला उत्तर

इंदूरच्या मराठी नोकरदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कार्यालयाची संस्कृती समोरासमोर बसूनच टिकते, घरून काम करणाऱ्याला कंपनीविषयी निष्ठा नसते, नव्या मुलांना घरी बसून काही शिकता येत नाही, चांगल्या कल्पना चहाच्या टपरीवरच सुचतात, म्हणून सर्वांना पाचही दिवस कार्यालयात बोलवा, आपलेपणा आपोआप येईल. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचे खपून जातात, म्हणून हे उत्तर.

निष्ठेचा मुद्दा आधी संपवते. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास-कंपनीने २०२१-२२ मध्ये आपल्या १,६१२ कर्मचाऱ्यांचे जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट केले आणि एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिले. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गटातले राजीनामे एक तृतीयांशाने घटले, तर पुढील दोन वर्षांच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये दोन्ही गटांत फरक आढळला नाही. राजीनामे सर्वाधिक घटले ते स्त्रियांचे, लांबून येणाऱ्यांचे आणि ज्यांच्याकडे मॅनेजरपद नव्हते अशांचे. निष्ठा मोजायचीच असेल, तर कोण टिकले याहून रोखठोक माप मला तरी ठाऊक नाही.

समोरासमोर बसण्याविषयी मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते. आमच्या अकरा जणांच्या टीममधले सहा जण इंदूरला आहेत आणि पाच पुण्याला. आधीच्या एका कंपनीत अशाच विभागलेल्या टीमला पाच दिवसांची सक्ती झाली, तेव्हा राजेंद्रनगरहून सुपर कॉरिडॉरपर्यंत रोजची ये-जा करून आम्ही काय करत होतो, तर कानाला हेडफोन लावून पुण्याशी बोलत होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी दिवसभरात दोन वाक्ये होत नसत, कारण तो दुसऱ्या शहरातल्या बैठकीत असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी भिंती काढून मोकळी कार्यालये केल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले आणि ईमेल-मेसेज वाढले, असे दिसून आले. सतत सर्वांच्या नजरेसमोर बसलेला माणूस स्वतःभोवती आपणच भिंत उभी करतो.

आता नव्या मुलांचा मुद्दा, आणि इथे मी संदेशाशी बऱ्याच अंशी सहमत आहे. पहिल्या सहा महिन्यांत मुलाला जे विचारायचे असते ते इतके लहान असते की त्यासाठी कॉल लावायचा त्याला संकोच वाटतो. शेजारी कोणी अनुभवी बसले असेल तर तोच प्रश्न मान वळवून विचारला जातो. पण यावरून पाच दिवसांची सक्ती सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की शिकवणारा आणि शिकणारा एकाच दिवशी कार्यालयात हवेत. हायब्रिड पद्धत, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम, जिथे फसते, तिथे नेमके हेच चुकलेले असते: ज्याला जो दिवस सोयीचा तो त्या दिवशी येतो, नवी मुलगी मंगळवारी येते, तिचे वरिष्ठ गुरुवारी, आणि दोघांचीही हजेरी नियमाप्रमाणे पूर्ण भरते. आम्ही इंदूरच्या सहा जणांसाठी मंगळवार आणि बुधवार ठरवून घेतले असून त्या दोन दिवसांत नव्यांसोबत बसणे हे वरिष्ठांचे मुख्य काम मानले जाते, उरल्या वेळात करायचे नव्हे.

टपरीवर गप्पा रंगतात हे खरेच, परंतु त्या बहुधा आधीच्याच ओळखीच्या चौघांत रंगतात, आणि तिथे ठरलेली गोष्ट पुण्याच्या पाच जणांना आणि मुलाला शाळेतून आणायला गेलेल्या सहकारिणीला दुसऱ्या दिवशी कळते. पूर्णवेळ घरून काम केल्याने दूरच्या विभागांशी असलेले धागे विरतात, हे मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दिसले, आणि ते मी नाकारत नाही. त्यावर उपाय मात्र टपरी नव्हे. जे ठरले ते त्याच दिवशी सर्वांना दिसेल असे लिहून ठेवणे हा आहे.

राहिला 'आपोआप' हा शब्द. इंदूरकरांना हुकुमचंद मिल ही कापड गिरणी आठवत असेल. ती १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. तरीही या मधल्या वर्षांत अनंत चतुर्दशीच्या रात्री तिच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, शहरातून निघत राहिल्या. ही नाती मिलच्या छपराखाली, खांद्याला खांदा लावून जुळलेली होती, हे मान्यच. ती टिकली मात्र एक ठरलेली रात्र होती, हाताला एकत्र करायचे काम होते आणि त्यासाठी दरवर्षी वर्गणीची खटपट करणारी माणसे होती म्हणून.

आमच्या टीमने दर तीन महिन्यांनी पुण्याच्या पाच जणांना दोन दिवस इंदूरला आणायचे ठरवले आहे, आणि त्या दोन दिवसांसाठी एक अवघड, अर्धवट राहिलेले काम मुद्दाम राखून ठेवतो. गाडीभाडे आणि राहण्याचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात मागून घ्यावा लागतो. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या टीम-प्रमुखांना माझी विनंती आहे की पाच दिवसांचा आदेश काढण्याआधी त्यांनी आपल्या कंपनीकडे ही तरतूद मागावी.