अभ्यासाला धक्का न लावता अध्ययन कौशल्ये कशी वाढवावीत

महाविद्यालयाच्या अध्ययन कौशल्य विकास समितीचे समन्वयक म्हणून आपली नेमणूक झाली, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. हे पद कोणी मागून घेत नाही. बैठकीच्या दिवशी जो रजेवर असतो त्याच्या नावापुढे ते लिहिले जाते, आणि आपण त्या दिवशी बहुधा राजापूरला कोणाच्या तरी लग्नाला गेला असाल. संथ गतीने शिकणारे आणि प्रगत विद्यार्थी आपण कसे ओळखता व त्यांच्यासाठी काय करता, हा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे विचारला गेलेला प्रश्न आहे. आपल्या फायलीत त्यापुढची जागा रिकामी असून ती भरणे एवढेच आपले काम आहे. विद्यार्थ्यांना खरोखर अभ्यास करता येऊ लागणे हा त्या कामातून उद्भवू शकणारा अपघात होय, आणि थोडी खबरदारी घेतली तर तो टाळता येतो.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय तारखेचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली असे दाखवून दिले, की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावत जातो. त्यावरून निघणारा सल्ला असा, की उजळणी एका रात्रीत न उरकता काही दिवसांच्या, मग काही आठवड्यांच्या अंतराने करावी. हा सल्ला जूनमध्ये दिला तर एखादा विद्यार्थी तो अमलातही आणील, एवढा तो सोपा आहे; म्हणून कार्यशाळा मार्चच्या अखेरीस ठेवावी. शिमग्याच्या पालख्या नुकत्याच बसलेल्या असतात, काजू गोळा करायचा असतो, बागांमध्ये आंबा उतरू लागलेला असतो, आणि परीक्षेचे वेळापत्रक सूचना फलकावर लागलेले असते. अंतर ठेवून उजळणी करण्यासाठी लागणारे अंतरच तेव्हा शिल्लक नसल्यामुळे सल्ला निर्धोक होतो. कोणी विचारलेच, तर जून-जुलैत दरडी कोसळतात, एसटी वेळेवर येत नाही आणि वीज जाते, असे सांगावे. हे तिन्ही खरे असल्याने पुढे कोणी काही बोलत नाही.

वक्ता शक्यतो बाहेरचा बोलवावा. ज्याला विषय शिकवायचा नसतो आणि ज्याला विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका कधी पाहावी लागणार नाही, तो अभ्यासाविषयी अधिक मोकळेपणाने बोलू शकतो. दीपप्रज्वलन, परिचय, रोप देऊन स्वागत आणि कोकम सरबत यांत पाऊण तास जावा, म्हणजे मुख्य विषयावर अनावश्यक ताण येत नाही. कोकणात आलेला वक्ता धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगणारच. मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला, हे तो डोळ्यांत पाणी आणून सांगेल. तिथे पोहोचल्यावर तो मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही, हा गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा राहून जातो, आणि तो राहू द्यावा. जिद्दीने चालत गेलेल्या माणसाला कचेरीतल्या टेबलापाशी अडवता येते, हे ज्ञान परीक्षा अर्जाच्या खिडकीवर विद्यार्थ्यांना यथावकाश मिळतेच. भाषण लांबले तर मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतील. त्यास प्रेरणेचा अभाव समजू नये. साडेचारची गाडी चुकली तर पुढची थेट वस्तीची असते.

कार्यशाळेत शिकवायचे काय, हा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. माझी शिफारस रंगीत हायलायटरची. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचे संशोधन तपासले, तेव्हा ओळी रंगवणे आणि तेच पुन्हापुन्हा वाचणे या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराने उजळणी करणे या दोनच पद्धती अधिक उपयोगाच्या निघाल्या. त्याआधी २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे देऊन प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होते आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४२ टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ५६ टक्क्यांवर होते. आपली अभिप्राय पत्रिका कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटांतच भरून घ्यायची असल्याने कोणती पद्धत शिकवणे आपल्या हिताचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहीत बसलेल्या चाळीस मुलांचा फोटो चांगला येत नाही. माना खाली असतात, चेहरे त्रासलेले असतात, आणि तारीख, वेळ व अक्षांश-रेखांशांसह छापलेल्या त्या जिओटॅग फोटोत ही कार्यशाळा नसून पुरवणी परीक्षा चालू आहे असे वाटते. त्याउलट पिवळे, गुलाबी, हिरवे हायलायटर हातात धरून हसणारी मुले अहवालात शोभून दिसतात. ज्या कौशल्याचा फोटो निघत नाही, ते कौशल्य समितीपुढे सिद्ध करता येत नाही, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतील.

एका विषयापासून मात्र आपण आवर्जून दूर राहावे. आपल्याकडे विज्ञान शाखेत येणारी बरीच मुले गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेली असतात, आणि त्यांची खरी अडचण वेळेच्या नियोजनाची नसून पुस्तकातल्या इंग्रजी परिच्छेदाची असते. क्रियापद कुठे आहे, परिच्छेदाचा मुद्दा कोणत्या वाक्यात आहे, उदाहरण कुठे सुरू होते, व्याख्या तशीच ठेवून बाकीचे स्वतःच्या मराठीत कसे मांडावे, आणि प्रश्नात ‘स्पष्ट करा’ म्हटले असता ‘तुलना करा’चे उत्तर का लिहू नये, हे सारे शिकवता येते. पण त्यासाठी त्यांच्याच विषयाचे, त्यांचेच पुस्तक उघडून, त्यांच्याच शिक्षकाला आठवड्यामागून आठवडे एकेक पान सोबत वाचावे लागते. एवढे करून त्याला बॅनर लावता येत नाही, प्रमाणपत्र देता येत नाही आणि पाहुणा बोलवता येत नाही. तेव्हा इंग्रजीची अडचण ही ‘न्यूनगंड’ या सदरात घालावी आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या समितीकडे सोपवावी. ती समिती बहुधा आपल्या शेजारच्याच टेबलावर असते.

लेखन कौशल्याबाबत फारसे करावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले, त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यास प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. तथापि त्यांतील व्याख्येतून नेहमीच्या असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत, हे वाचून आपल्या मनावरचे ओझे उतरेल. सदतीस वह्यांत एकच उत्तर, एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह सापडले, तर त्याची नोंद ‘सहकारी अध्ययन’ या शीर्षकाखाली घेण्यास काहीच हरकत नसावी.

वर्गवारीचे काम बारावीच्या गुणपत्रिकेवरून एका दुपारी होते. वर्गात प्रश्न विचारल्यावर जी मुलगी मनात वाक्य जुळवून सावकाश उत्तर देते, ती अर्थातच संथ गतीची होय. गाइडमधला परिच्छेद एका दमात म्हणणारा प्रगत समजावा. यादी एकदा केली की ती बदलू नये, कारण वर्षाच्या मध्यात कोणी या यादीतून त्या यादीत गेले, तर ते कशामुळे गेले याचेही पुरावे जोडावे लागतात.

ग्रंथालयाचा उल्लेख अहवालात अभिमानाने करावा. रत्नागिरीत १८२८ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या २९ वर्षे आधीपासून या किनाऱ्यावर वाचनाची सोय आहे. या परंपरेचा एक परिच्छेद लिहिला की आपली अभ्यासिका तास संपण्याच्या सुमारासच का बंद होते, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात. त्या हाती लागल्या तर मुले स्वतःची चाचणी घेऊ लागतात, आणि कपाटातली संख्या तपासणीच्या वेळी जुळत नाही.

एवढ्यावरही कार्यक्रम संपल्यावर, आपण बॅनरच्या दोऱ्या सोडत असताना, एखादी मुलगी येऊन म्हणेल, “सर, वाचताना सगळं कळतं, पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही. मी काय करू?” दिवसभरात विचारला गेलेला अभ्यासाविषयीचा हा एकमेव प्रश्न असेल. त्याचे उत्तर पाच मिनिटांत देता येण्यासारखे असल्याने मोह होईल, पण तो आवरावा. तिच्या हाती अभिप्राय पत्रिका देऊन शेवटचा ‘इतर सूचना’ हा रकाना दाखवावा आणि गाडीची वेळ झाल्याची आठवण करून द्यावी. घाईत ती तो रकाना कोराच ठेवील, आणि कोऱ्या रकान्यांची गणना आपल्याकडे ‘पूर्णतः समाधानी’ या गटात करण्याची पद्धत आहे.