‘खान्देशात अजून २००३ साल चालू आहे वाटते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-नोंदवहीतील विद्यार्थ्यांची खाती कमांड लाइनवरून कशी सांभाळावीत, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. डीएसअ‍ॅड (खाते उघडणारी कमांड) आणि डीएसमॉड (खाते बदलणारी कमांड) कालबाह्य असून हे काम पॉवरशेल या नव्या कमांड-साधनाने करावे, डीएसक्वेरी (खाती शोधणारी कमांड) पूर्ण यादी देत नाही, लॉगिनसाठी हजेरी क्रमांक वापरणे गैरसोयीचे आहे आणि माझ्या बॅच फाइलमध्ये (ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) सर्वांचा एकच पासवर्ड उघडा लिहिलेला आहे, असे आपले म्हणणे आहे. हे चारही मुद्दे सभ्य भाषेत मांडता आले असते. आपण मात्र सुरुवातच ‘खान्देशात अजून २००३ साल चालू आहे वाटते’ या वाक्याने केलीत, म्हणून आधी त्या वाक्याचेच उत्तर देणे मला भाग आहे.

डीएस कुळातील कमांड विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आल्या, हे खरे आहे. परंतु त्या कमांड त्याच सालाबरोबर संपल्या, हे आपण कशावरून ठरवलेत? सर्व्हर २०२२ वर डिरेक्टरीची भूमिका बसवली की डीएसक्वेरी आजही तिथे हजर असते. पॉवरशेलचे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मॉड्यूल आले ते सर्व्हर २००८ आर२ बरोबर, आणि ते एलडीएपी या डिरेक्टरीच्या नेहमीच्या भाषेत थेट बोलत नाही. त्याला डोमेन कंट्रोलरवर (ही खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) वेब सर्व्हिस चालू लागते आणि ९३८९ हा पोर्ट (नेटवर्कची वाट) मोकळा लागतो. डीएसअ‍ॅडला नेहमीचा ३८९ पुरतो. ही माहिती आपल्यासारख्या जाणकाराला नसेल असे मी म्हणत नाही. टोमणा मारण्याच्या घाईत ती आठवली नसावी, एवढेच.

मी हे पुस्तकातून उचलून लिहीत नाही. अमळनेर आणि चोपडा या बाजूच्या संस्थांमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. त्यांतल्या एका संस्थेत (नाव घेत नाही) सर्व्हर २००३ हाच एकमेव डोमेन कंट्रोलर होता आणि नवा घेण्याची मागणी दरवर्षी खरेदी समितीपुढे जाऊन तशीच परत येत असे. अशा सर्व्हरशी ते मॉड्यूल जोडायचे तर त्यावर वेगळी गेटवे सर्व्हिस बसवावी लागते, तिच्याआधी डॉट नेट ३.५ चा सर्व्हिस पॅक, आणि हे सारे ऐन प्रवेशाच्या दिवसांत, विजेचा भरवसा नसताना. आपण सुचवलेली न्यू-एडीयुजर ही खाते उघडणारी पॉवरशेलची कमांड तिथे नुसती टाइप करून काय साधले असते? मी निष्क्रिय खाती शोधणारी डीएसक्वेरी लिहिली, तिचे उत्तर पाइपने, म्हणजे थेट जोडून, डीएसमॉडला दिले, आणि मागील वर्षाची खाती बंद झाली. खान्देशातल्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत हे काम केलेल्या माणसाला साल कोणते चालू आहे हे कोणी सांगण्याची गरज नसते.

‘निदान सीएसव्हीडीईने तरी एका दमात सगळे झाले असते’ असेही आपण जाता जाता लिहिले आहे. यादीच्या फाइलमधून खाती भरणारी सीएसव्हीडीई पासवर्ड लावू शकत नाही आणि असलेल्या खात्यात दुरुस्तीही करू शकत नाही. दुरुस्तीसाठी एलडीआयएफडीई ही दुसरी कमांड लागते. दुसऱ्याला जुनाट ठरवणाऱ्याने निदान एवढे तपासून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. डीएसक्वेरी मुळात १०० नोंदींवर थांबते आणि पूर्ण यादीसाठी लिमिट शून्य द्यावे लागते, हे मी लेखाच्या तळटीपेत लिहिले होते. ते वर, उदाहरणाशेजारीच असायला हवे होते. त्याप्रमाणे बदल केला आहे.

हजेरी क्रमांकाबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. ज्ञानेश्वर आणि सूर्यवंशी ही दोन नावे रोमन लिपीत जोडून लिहिली की २२ अक्षरे होतात, आणि आमच्याकडे एका वर्गात तीन ज्ञानेश्वर असणे हे नवल नाही. म्हणून नावाऐवजी क्रमांक.

राहिला पासवर्डचा मुद्दा. ती प्रयोगशाळा होती, बँक नव्हे. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती मी त्याच कमांडमध्ये घातली होती आणि फाइल माझ्याच संगणकावर होती. पासवर्डच्या जागी तारांकन दिले की कमांड तो विचारून घेते हे मलाही ठाऊक आहे, पण प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तो हाताने भरत बसणे शक्य नव्हते. यावर अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

आपली दुसरी प्रतिक्रिया, ज्यात माझा उल्लेख ‘हे मास्तर’ असा आहे, मी अडवून ठेवली आहे. तिच्यातील, निष्क्रिय खाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेवटच्या लॉगिनच्या नोंदीबद्दलचा भाग उपयोगाचा आहे, कारण ती नोंद खरोखरच दोन आठवड्यांपर्यंत मागे राहू शकते. तेवढाच भाग पुन्हा पाठवलात तर लगेच प्रसिद्ध करीन.