बोट हलतंय, म्हणजे हाड शाबूत?

क्रिकेटवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: 'मनगट किंवा बोट हलतंय म्हणजे फ्रॅक्चर नाही. एक्स-रे साफ असेल तर चोळून, ओढून घ्या. स्क्रू पैशासाठी घालतात, त्याने सांधा कायमचा आखडतो.'

पहिलं वाक्यच घातक. तळहातावर पडून मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलं, तरी हात बऱ्यापैकी हलतो, सूजही बेताचीच असते. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी खळगा पडतो. तिथे दाबल्यावर कळ आली तर संशय घ्यायचा.

एक्स-रे साफ? या हाडाची चीर पहिल्या फोटोत अनेकदा दिसतच नाही. म्हणून हात प्लास्टरमध्ये ठेवून 10-14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, नाहीतर सरळ एमआरआय करतात. एवढी काळजी कशासाठी? स्कॅफॉइडला बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूने मिळतं आणि तिथून मागे, कोपराच्या दिशेने जातं. हाड मध्येच मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग ते जुळत नाही आणि काही वर्षांत मनगट झिजू लागतं. तोवर नुसता स्क्रू पुरत नाही, बऱ्याचदा कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरावा लागतो.

पैशाच्या आरोपात थोडं तथ्य आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं. ब्रिटनमध्ये 439 रुग्णांवर झालेल्या स्विफ्ट चाचणीत (2020) तुकडे 2 मिलिमीटरपर्यंतच सरकलेले होते. आधी प्लास्टर घातलेले आणि थेट ऑपरेशन केलेले रुग्ण वर्षभरानंतर मनगटाच्या दुखण्यात आणि वापरात सारखेच होते, म्हणजे अशा प्रत्येकाला लगेच स्क्रू लागत नाही. अट एकच: प्लास्टरमध्ये जे हाड जुळत नाही, त्याचं ऑपरेशन लगेच करायचं.

सांधा आखडतो तो मूळ माराने आणि फार दिवस बांधून ठेवल्यानेही. ऑपरेशननंतरही आखडू शकतो, हे खरं. पण हाड पक्कं बसलं की व्यायाम लवकर सुरू होतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'ओढून घ्या'ची. कॅच घेताना बोटाचा मधला सांधा निखळतो, कुणीतरी खेचतं, बोट सरळ दिसतं आणि ओव्हर पुढे सुरू. आत तळहाताकडच्या बाजूचा हाडाचा तुकडा तुटलेला असेल, तर सांधा अर्धवट निखळलेलाच राहतो. पहिल्या आठवड्यात स्प्लिंट (आधाराची पट्टी) किंवा हाडात घातलेल्या बारीक तारेवर निभावू शकतं. दीड महिन्याने आलेल्या माणसाच्या मनगटातल्या हॅमेट हाडाचा तुकडा कापून बोटात बसवायची वेळ येते.