मूतखड्याच्या सीटीत डाय असतं कुठे?

घरच्या ग्रुपवरही आता तो मेसेज येऊन पडलाय: ‘मूतखड्यासाठी सीटी करू नका. डायने किडनी कायमची जाते. सोनोग्राफीत सगळं दिसतं. एक सीटी म्हणजे शंभर एक्स-रे. दुखणं थांबलं की खडा पडला समजा.’ हे वाचून माणसं ठरलेली तपासणी रद्द करतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी डाय, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध. खड्यासाठी होतं ते प्लेन सीटी केयूबी, म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचं साधं सीटी. त्यात डाय देतच नाहीत, आणि मुद्दाम देत नाहीत: लघवीत उतरलेलं डाय खड्याइतकंच पांढरं दिसतं, खडा त्यात हरवतो.

डाय लागतं ते वेगळ्या कारणांसाठी. न दुखता लघवीतून रक्त जातंय, किडनीत गाठ दिसलीय. तेव्हा आधी प्लेन, मग डाय दिल्यावर साधारण 100 सेकंदांनी, आणि काही मिनिटांनी डाय मूत्रवाहिनीत उतरल्यावर पुन्हा स्कॅन घेतात. डायनंतर गाठीची घनता 20 हाउन्सफील्ड युनिटांहून (सीटीत घनता मोजायचं एकक) जास्त वाढली, तर तिला रक्तपुरवठा आहे. ती नुसती पाण्याची गाठ नाही. डायला नकार दिला की नेमकं हेच कळत नाही, आणि कॅन्सर वाढत राहू शकतो. मेसेजचा सगळ्यात मोठा घात हा आहे.

किडनीला धोका किती? अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी 2020 मध्ये एकत्र निवेदन काढलं: हा धोका पूर्वी फार फुगवून सांगितला गेला. आजारी माणसाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) संसर्गाने, बीपी उतरल्यानेही वाढतं, आणि खापर डायवर फुटतं. खरी काळजी ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली असेल किंवा किडनीला अचानक इजा झाली असेल तेव्हा. अशांना शिरेतून सलाइन देतात, डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी 48 तास थांबवतात. तेव्हासुद्धा निदान डायवाचून अडत असेल, तर ते नाकारू नये असंच निवेदन सांगतं.

सोनोग्राफीबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यात सुरुवात तिथूनच. किडनीची सूजही तिच्यात दिसते. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागे दडतो, आणि खडा अडकला असेल तर तो तिथेही असू शकतो. साध्या एक्स-रेत न दिसणारा युरिक ॲसिडचा खडा सीटीत दिसतो.

शंभर एक्स-रेंचा आकडाही अगदी खोटा नाही. पोटाचं नेहमीचं सीटी 10 मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) आसपास जातं. पण खड्यासाठी लो-डोस पद्धत आहे, साधारण 3 मिलिसिव्हर्टची. निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. वारंवार खडे होणाऱ्या तरुणाने दरवेळी सीटी करू नये, लो-डोस मिळेल का ते आवर्जून विचारावं.

राहिलं दुखणं थांबण्याचं. खडा जागेवरच अडकलेला असतानाही कळ थांबते, आणि किडनी आतून खराब होत राहते. खडा अडकलेला आणि ताप-थंडी सुरू झालेली असेल, तर किडनीत तुंबलेली लघवी स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून बसवायची बारीक नळी) किंवा पाठीतून किडनीत नळी घालून तातडीने, शक्यतो त्याच दिवशी, मोकळी करावी लागते.