मार्खा ट्रेकच्या खर्चावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

लडाखमधला मार्खा खोऱ्याचा ट्रेक कमी पैशांत कसा करावा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की नागपूरच्या पोरांना या स्वस्ताईच्या नादी लावणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. ऐपत नसेल तर जाऊ नये, जायचंच तर मोठ्या कंपनीचं पॅकेज घ्यावं. तुमचा पुतण्या मित्रांसोबत निघालाय, त्यामुळे तुमचा जीव टांगणीला लागणं साहजिक आहे. भीती खरी आहे, पण पॅकेज हा त्यावरचा उपाय मला पटत नाही.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. लेह ३,५०० वर, आणि या वाटेवरची कोंगमारू ला ही खिंड ५,२०० मीटरच्या आसपास. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. अंबाझरीला रोज पळणारा किंवा पाठीवर सॅक घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढणारा पोरगा चालायला तयार होतो, पण उंचीची सवय शरीराला तिथे राहूनच होते. म्हणून ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा ५०० मीटरहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असं डॉक्टर सांगतात.

आता हंकर गाव बघा, ४,००० मीटरच्या आसपास. पुढचा मुक्काम निमालिंग, ४,८०० च्या आसपास. काही पॅकेजांत हे एका दिवसात उरकतात, कारण वाढीव रात्र म्हणजे तंबू, स्वयंपाकी, घोडे, सगळ्यांचंच भाडं वाढतं. मधे थाचुंगत्सेला एक रात्र थांबलं की तीच उडी दोन टप्प्यांत होते. स्वतः आखणी करणाऱ्या पोरांना ही रात्र परवडते. माझा सगळा हट्ट याच रात्रीसाठी आहे.

जाण्याचंही तसंच. विमान दिल्लीहून थेट ३,५०० मीटरवर नेऊन सोडतं. स्लीपरने जम्मूकडे, तिथून श्रीनगर, मग कारगिलला २,७०० च्या सुमारास मुक्काम करून लेह, हा प्रवास वेळखाऊ आहे. पण खर्चही कमी आणि शरीरही हळूहळू चढतं. मनालीचा रस्ता जाताना नकोच, त्यात सरचूला ४,२०० च्या वर रात्र काढावी लागू शकते. परतताना खुशाल घ्यावा.

खोऱ्यातल्या गावांत घरोघरी राहायची सोय आहे. रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी आणि वाटेसाठी डबा मिळतो, त्यामुळे तंबू-स्टोव्हचं ओझं नाही. निमालिंगला गाव नाही, पण हंगामात तंबू असतात. स्लीपिंग बॅग लेहला भाड्याने मिळते. या बचतीतून स्थानिक वाटाड्या घ्यायचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्याच्याशिवाय पाऊल टाकू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. विम्याच्या पॉलिसीत किती उंचीपर्यंत संरक्षण आहे, तेही वाचून घ्या.

पुतण्याला एक गोष्ट मात्र नक्की शिकवून पाठवा. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांचं ताट बघायचं. डोकं दुखतंय आणि ‘जेवण नको, झोपतो’ असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी त्याला वर न्यायचं नाही. शंका आली तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावायचं. झोकांड्या गेल्या किंवा बसल्याजागी धाप लागत असली, तर रात्र असो की पाऊस, तिथूनच खाली उतरवायचं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, हे इथेच डॉक्टरांना विचारून ठरवा. ती घेतली म्हणून चढण्याची घाई करू नये.

आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. खोऱ्यात शिरल्यावर त्याचाही भरवसा नाही. म्हणून पुतण्या ट्रेकच्या शेवटी शांग सुमदो गावाला कोणत्या तारखेला उतरणार आणि किती दिवस वाट पाहून लेहला कोणाला फोन करायचा, हे निघण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.