एअर कुशनच्या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, दुकानाचा मालक लिहितोय. तुम्ही लिहिलंय की काकांच्या व्हीलचेअरसाठी एवढं महाग एअर कुशन घेतलं, महिन्याभरात त्यातली हवा जायला लागली, काकांना बसायच्या जागी लाल डाग आला, आणि आम्ही पैसे परत द्यायला नाही म्हणालो. वर मेडिकलमधली भोकाची रबरी रिंग यापेक्षा बरी असंही लिहिलंय. सगळ्याचं उत्तर देतो, पण डागाचं आधी.

त्या डागावर बोट थोडा वेळ दाबून सोडा. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, पण दाबूनही तशीच लाल राहत असेल तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. तसं असेल तर डाग जाईपर्यंत काकांना त्या जागेवर बसवू नका, कुशन कुठलंही असो. कुशीवर झोपवा आणि चोळू तर अजिबात नका, त्याने आतलं अजून दुखावतं.

आता हवेचं. तुम्हीच लिहिलंय की महाबळेश्वरला गेलात तेव्हा कुशन टणक झालं म्हणून थोडी हवा सोडली आणि ठाण्याला परत आल्यावर ते बसलं. ताई हे पंक्चर नाही वाटत मला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच, तिथे बाहेरच्या हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा साधारण 15 टक्के कमी असतो, मग आतली हवा फुगते आणि कुशन कडक लागतं, तिथे हवा सोडली ते बरोबरच केलंत पण खाली उतरल्यावर तेवढी परत भरावी लागते. नाही भरली तर बसायची हाडं थेट तळाला टेकतात आणि माणसाला तिथे सेन्सेशन नसेल तर त्याला कळतही नाही. तुम्हाआम्हाला टोचलं की आपण नकळत सरकतो, काकांना तो इशारा मिळतच नाही.

आणि त्यानंतर तुम्ही रोज पंप मारून टाइट भरताय, हे मात्र आजच थांबवा. गच्च भरलेल्या एअर कुशनवर माणूस आत बुडत नाही, वरच राहतो, सगळा भार त्या दोन हाडांवर येतो. बरोबर हवा म्हणजे किती, तर काका खुर्चीत बसलेले असताना कुशन आणि त्यांच्या मध्ये हात घालायचा, सगळ्यात खाली आलेलं हाड शोधायचं, ते हाड आणि कुशनचा तळ यात अर्धा ते एक इंच जागा हवी. नुसतं वरून दाबून काही कळत नाही. ही तपासणी रोज करा.

तुमच्या फोटोत अजून दोन गोष्टी दिसल्या. कुशनवर प्लास्टिक आणि वर दुहेरी टॉवेल घातलाय. डाग पडू नयेत म्हणून घातला असणार, समजतं मला, पण त्याने कुशनमधले हवेचे फुगे एकेकटे खाली-वर होऊ शकत नाहीत आणि घामही अडकतो. फक्त सोबतचं ताणणारं कव्हर ठेवा. दुसरं, व्हीलचेअरचं सीट मधे झोळीसारखं लोंबलंय. ते घट्ट करून घ्या नाहीतर खाली प्लायवूडचा सपाट तुकडा लागेल, माप आम्ही घेऊन देऊ, त्याचे पैसे नकोत.

रिंग कृपा करून वापरू नका. भोकाच्या कडेने गोल दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं, म्हणजे ज्या जागेला वाचवायचं तीच उपाशी राहते. आमच्याकडे लोक मागतात, आम्ही ठेवतच नाही.

वापरलेलं कुशन परत घेत नाही हे खरं आहे आणि ते बदलणार नाही. घाम, लघवी लागलेली वस्तू मी दुसऱ्या पेशंटखाली देऊ शकत नाही. पण लीक असेल तर गोष्ट वेगळी. कव्हर काढा, हवा भरून व्हॉल्व्ह बंद करा, टबात पाण्याखाली दाबून धरा. बुडबुडे आले तर घेऊन या, वॉरंटीत बदलून मिळेल, त्यावर वाद होणार नाही.

आणि ताई, महागडं कुशन घेतलं म्हणजे काका दिवसभर एकाच जागी बसू शकतात असं नसतं, कुठलाच प्रामाणिक दुकानदार तसं सांगणार नाही. 1944 ला इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. गुटमन यांनी मणक्याला मार लागलेले सैनिक सांभाळले तेव्हा ही एअर कुशनं नव्हती, दर दोन तासांनी कूस बदलून बदलून माणसं वाचवली त्यांनी. खुर्चीत तर त्याहून लवकर लागतं. दर अर्ध्या तासाने काकांना पुढे टेबलावर वाकवा नाहीतर एकेका कुशीला झुकवा, आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. हातावर जोर देऊन क्षणभर उचलून परत बसणं पुरत नाही, रक्त परत यायला वेळ लागतो. रात्री झोपवताना आरशाने किंवा मोबाइलवर फोटो काढून ती जागा बघायची, माकडहाडाची पण.

डाग गेला की काकांना खुर्चीसकट घेऊन या, दुकानाला रॅम्प आहे. येणं जमत नसेल तर दुकानाच्या नंबरवर सांगा, आमचा मुलगा घरी येऊन हवा सेट करून देईल. पण कातडी सोलली असेल, फोड किंवा पाणी दिसत असेल, तर आमची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा.